बॅटरीवाला म्हातारा गेला: जॉन गुडइनफ यांनी नेमकं केलं काय?

२५ जून २०२३ ला अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात जॉन गुडइनफ गेले. शंभर वर्षांचे होते, एकशे एकावा वाढदिवस बरोब्बर एक महिन्यावर आला होता. आपल्याकडे कोणाच्या स्टेटसला त्यांचा फोटो दिसला नाही, चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागायचा तर प्रश्नच नाही. २०११ मध्ये स्टीव्ह जॉब्स गेले तेव्हा मात्र ज्यांनी आयफोन फक्त दुकानाच्या काचेतून पाहिला होता ते लोक पण हळहळले होते. त्यात चूक काही नाही, पण तो फोन खिशात मावला आणि वायर न लावता दिवसभर चालला तो ज्या बॅटरीमुळे, त्या बॅटरीमागचा माणूस गेला तेव्हा आपल्याला त्याचं नाव पण माहीत नव्हतं.

मी हे लिहून राहिलो ते श्रद्धांजली म्हणूनच. पण शास्त्रज्ञाला श्रद्धांजली वाहायची तर आधी त्याने केलं काय ते तरी कळायला पाहिजे ना, नुसते हात जोडल्याचे इमोजी टाकून काय होते. त्यामुळे हा लेख अर्धा आठवणीचा आणि अर्धा क्लासचा आहे, सायन्स सोडून वीस वर्षं झालेल्यांना पण समजेल असा लिहायचा प्रयत्न केला आहे.

आधी हे बघा की ही बॅटरी आपल्या आजूबाजूला किती आहे. सकाळी ठेल्यावर तर्री पोहा खाल्ला, स्कॅन करून पैसे टाकले आणि तो डबा मोठ्याने ओरडला की इतके रुपये मिळाले, त्या डब्यात ती आहे. कानातल्या बड्समध्ये आहे, लॅपटॉपमध्ये आहे, पोरं घरी बसून दाढी करतात त्या ट्रिमरमध्ये आहे, झोमॅटोवाल्याच्या स्कूटरमध्ये आहे, सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनखाली रांगेत उभ्या असतात त्यातल्या काही ई-रिक्षात आहे. सगळ्यांचं नाव एकच, लिथियम आयन बॅटरी. ही काही गुडइनफ यांनी एकट्याने बनवली नाही, २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल तिघांना मिळालं, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि जपानचे अकिरा योशिनो. तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते, नोबेल मिळालेला सगळ्यात म्हातारा माणूस हा रेकॉर्ड त्यांच्याच नावावर आहे.

आता क्लास सुरू.

बॅटरीचं काम साधं आहे. आत दोन टोकं असतात, एका टोकाला इलेक्ट्रॉन नकोसे झालेले असतात आणि दुसऱ्या टोकाला ते हवे असतात. मध्ये बाहेरून वायर जोडली की इलेक्ट्रॉन त्या वायरमधून पळतात आणि पळतापळता आपला बल्ब नाहीतर मोटर चालवतात. किती ओढीने पळतात ते माप म्हणजे व्होल्टेज. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी घ्या, लेड ॲसिडवाली, ज्यात आपण दर काही महिन्यांनी डिस्टिल वॉटर टाकतो. ही आयडिया फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते यांची, १८५९ सालची, म्हणजे १८५७ च्या उठावाची धूळ खाली बसत होती तेव्हाची. अजून चालून राहिली, काय मजबूत काम असेल. पण तिच्यात अडचण अशी की एकेक सेल फक्त २ व्होल्टचा, म्हणून सहा सेल जोडले तेव्हा १२ व्होल्ट होतात, आणि शिसं म्हणजे वजनदार. शिवाय प्रत्येक चार्ज-डिस्चार्जला आतल्या प्लेटचं मटेरियलच बदलते, शिशाचं लेड सल्फेट होते, मग परत शिसं होते. मटेरियल असं तुटत बनत राहिलं की थकते, प्लेटवर पांढरा थर जमतो आणि एक दिवस बॅटरीवाला येऊन सांगतो, साहेब आता हे भंगारातच द्या.

लिथियम का घ्यायचं? कारण सगळ्या धातूंत हा हलका. याच्या अणूत तीनच इलेक्ट्रॉन, त्यातला बाहेरचा एक इतका सैल की लिथियम तो द्यायला टपलेलाच असतो. इलेक्ट्रॉन दिला की जो उरतो तो लिथियम आयन, एकदम बारका, दुसऱ्या मटेरियलच्या थरांमध्ये सहज घुसू शकेल इतका. पण इतकं द्यायला उतावीळ असणं म्हणजे स्वभावाने तापट पण आलाच. पाण्याला लागला की रिॲक्शन, म्हणून या बॅटरीत पाणी चालतच नाही, वेगळं सेंद्रिय द्रावण लागते.

आता मुख्य गोष्ट. लिथियम बॅटरीत मटेरियल तुटत नाही, लिथियम फक्त इकडून तिकडे राहायला जातो. हे समजायला नागपूरकरांना सोपं आहे, कारण आपल्याकडे दर डिसेंबरला हिवाळी अधिवेशन असते. मुंबई म्हणजे बॅटरीचं एक टोक, तिथे लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे थर. नागपूरचं आमदार निवास म्हणजे दुसरं टोक, तिथे ग्रॅफाइटचे थर, म्हणजे पेन्सिलीत असते तो कार्बन. आमदार म्हणजे लिथियम आयन. अधिवेशन आलं की आमदार येतात, खोल्यांमध्ये राहतात, संपलं की जातात, पण ना मुंबईची बिल्डिंग तुटते ना इथली. आता इलेक्ट्रॉन कोण, तर त्यांचे पीए. आमदार विमानाने थेट येतात, तसे आयन आतल्या द्रावणातून थेट जातात. पीए लोकांना मात्र विमानात जागा नाही, त्यांना समृद्धीवरून गाडीनेच जावं लागते, आणि समृद्धीवर टोल आहे. हा जो टोल आपण वसूल करतो ना, त्याच्यावरच तुमचा मोबाईल चालतो. आणि सगळ्यात मजेची गोष्ट अशी की नागपूरला यायला कोणी राजी नसते, ढकलून आणावं लागते, ते ढकलणं म्हणजे चार्जिंग. परत मुंबईला जायला मात्र कोणाला सांगावं लागत नाही, शेवटच्या दिवशी सगळे आपोआप निघतात. ते म्हणजे डिस्चार्ज.

हा हिशोब डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

सत्तरच्या दशकात तेल महागलं तेव्हा एक्सॉन नावाच्या तेल कंपनीनेच बॅटरीवर संशोधन सुरू केलं होतं, हो, तेल कंपनीने. तिथे व्हिटिंगहॅम यांनी दाखवलं की टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांत लिथियम येऊ जाऊ शकतो. हे फार मोठं काम होतं, मुक्काम करायची जागा ही कल्पनाच त्यांची. पण त्यांच्या बॅटरीत एका टोकाला खोल्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला शुद्ध लिथियम धातू. म्हणजे एका गावात आमदार निवासच नाही, आलेले सगळे दारातच एकावर एक उभे. लिथियम परत येऊन बसताना सपाट बसत नाही, त्याच्या सुया वाढतात, त्या वाढत वाढत दुसऱ्या टोकाला टेकल्या की आतल्या आत शॉर्ट सर्किट आणि आग. त्या लॅबमध्ये आग विझवायला फायर ब्रिगेड इतक्या वेळा आली की शेवटी त्यांनी सांगितलं म्हणे, लिथियमची आग विझवायला जे खास केमिकल लागते त्याचे पैसे आता तुम्हीच द्या. वरून व्होल्टेज २ च्या थोडंसंच वर. पुढे तेल स्वस्त झालं आणि कंपनीने प्रोजेक्ट गुंडाळला.

इथे गुडइनफ येतात, आणि त्यांचा इथपर्यंतचा प्रवासच मोठा विचित्र आहे. जन्म १९२२ चा, जर्मनीतल्या येना गावात, आईवडील अमेरिकन. लहानपणी डिसलेक्सिया, तेव्हा त्याला नाव पण कोणी देत नव्हतं, पोरगा वाचतच नाही एवढंच. तरी येल विद्यापीठात गणित केलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी हवामानाचा अंदाज सांगायचे. युद्ध संपल्यावर शिकागोला फिजिक्स शिकायला गेले तर तिथल्या एका प्राध्यापकाने तोंडावर सांगितलं की फिजिक्समध्ये ज्यांनी काही केलं त्यांनी ते तुझ्या वयाच्या आत करून टाकलं होतं, आणि तू आता सुरुवात करतोस? तेव्हा ते विशीत होते! मला हे वाचून त्या प्राध्यापकापेक्षा आपल्याकडचे काका लोक आठवले, जे तिशीतल्या माणसाला सांगतात की आता काय होणार तुझं.

डॉक्टरेट झाल्यावर एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये चोवीस वर्षं राहिले. तिथे कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या रॅमसाठी जे चुंबकीय मणी लागायचे त्यांच्या मटेरियलवर काम केलं, म्हणजे बॅटरीच्या आधीच या माणसाने कॉम्प्युटरला हातभार लावून ठेवला होता. त्या कामात एक गोष्ट त्यांच्या हाडात मुरली, ती म्हणजे ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन कुठे कसे बसतात. ही सैन्याच्या पैशावरची लॅब, तिथे ऊर्जेवर काम करायला फारसा वाव नव्हता, म्हणून १९७६ ला ते इंग्लंडला ऑक्सफर्डमध्ये इनऑरगॅनिक केमिस्ट्री लॅबचे प्रमुख म्हणून गेले. फिजिक्सवाला केमिस्ट्रीच्या खुर्चीत. वय ५४.

आणि तिथे त्यांनी जो विचार केला तो खरं म्हणजे अकरावीच्या पुस्तकातला आहे. व्हिटिंगहॅम यांचं मटेरियल सल्फाइड, म्हणजे गंधकाचं. पिरिऑडिक टेबलमध्ये गंधकाच्या डोक्यावर ऑक्सिजन बसतो, एकाच उभ्या रांगेत. दोघांचा स्वभाव सारखा, पण ऑक्सिजनला इलेक्ट्रॉनची ओढ जास्त. मग सल्फाइडच्या जागी ऑक्साइड घेतलं तर? ओढ वाढली म्हणजे व्होल्टेज वाढलं. आपल्या हिशोबात सांगायचं तर परत जायची ओढ वाढली, पीए लोक जास्त टोल द्यायला तयार झाले. गुडइनफ यांनी सहकाऱ्यांना वेगवेगळे ऑक्साइड तपासायला लावले, त्यात जपानहून आलेले कोइची मिझुशिमा होते, आणि लिथियम कोबाल्ट ऑक्साइडवर काटा थांबला तो सरळ ४ व्होल्टवर. १९८० ला पेपर छापून आला. दोनचे चार व्होल्ट हे ऐकायला फार वाटत नाही, पण तेवढ्याच लिथियममधून जवळजवळ दुप्पट काम निघते, फोन पातळ झाला तो इथेच झाला समजा.

त्याच्यात एक दुसरी गोष्ट लपलेली आहे, मला ती व्होल्टेजपेक्षा जास्त आवडते. तोवर सगळे बॅटरी चार्ज झालेल्या अवस्थेत बनवायचे, म्हणजे शुद्ध लिथियम धातू आधीच आत भरायचा, तो भडकू धातू हाताळत. गुडइनफ यांच्या मटेरियलमध्ये लिथियम आधीपासूनच ऑक्साइडच्या थरांत शांतपणे बसलेला असतो. म्हणजे बॅटरी डिस्चार्ज अवस्थेत बनवा, फॅक्टरीत काही भीती नाही, आणि मग पहिल्यांदा चार्ज करा. आधी सगळे मुंबईतच आहेत, अधिवेशन नंतर. पण एक मर्यादा राहिली. सगळे आमदार एकदम काढले तर मुंबईची बिल्डिंगच खचते, म्हणजे साधारण अर्ध्याच्या वर लिथियम काढला की कोबाल्ट ऑक्साइडची रचना बिघडायला लागते आणि ऑक्सिजन सुटायची भीती असते. म्हणून तुमच्या फोनमध्ये एक छोटं सर्किट पहारा देत बसलेलं असते की जास्त चार्ज होऊ नये.

दुसऱ्या टोकाला खोल्या बांधायचं काम योशिनो यांनी केलं, १९८५ मध्ये, असाही कासेई कंपनीत. त्यांनी लिथियम धातू काढून टाकला आणि त्याजागी पेट्रोलियम कोक म्हणजे तेलाच्या रिफायनरीतून उरणारा कार्बन घेतला, ग्रॅफाइट नंतर आलं. मग त्यांनी टेस्ट काय केली तर बॅटरीवर लोखंडाचा मोठा तुकडा टाकला. काही झालं नाही. तसाच तुकडा शुद्ध लिथियमवाल्या बॅटरीवर टाकला तर जोरात स्फोट. असा प्रयोग करायला पण छाती लागते. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली, आधी व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी, आणि तिथून पुढे काय झालं ते तुमच्या हातातच आहे.

पैसे किती मिळाले? गुडइनफ यांना या कोबाल्टवाल्या शोधाची रॉयल्टी शून्य. ऑक्सफर्डला पेटंट घ्यायचंच नव्हतं, मग हार्वेलच्या सरकारी अणुऊर्जा संशोधन केंद्राने ते घेतलं आणि गुडइनफ यांनी आपले हक्क सही करून देऊन टाकले. हे सांगितलं की आपल्याकडे लोक लगेच म्हणतात, बघा किती साधा माणूस. मला तसं वाटत नाही, मला वाटते की तेव्हा कोणालाच समजलं नव्हतं हातात काय आहे, ना विद्यापीठाला, ना सरकारला, ना बहुतेक त्यांना स्वतःला. पुढच्या आयुष्यात बक्षिसांचे पैसे मात्र त्यांनी बऱ्याचदा विद्यापीठालाच देऊन टाकले, ते साधेपणाचं धरा हवं तर.

ऑक्सफर्डला ६५ ला रिटायर व्हावं लागलं असतं, म्हणून १९८६ मध्ये ते टेक्ससला गेले, जिथे वयाची सक्ती नव्हती. आपल्याकडे या वयात माणूस पेन्शनच्या फाइलमागे फिरतो. त्यांनी तिथे जाऊन जे केलं तेच माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम, निदान आपल्यासारख्या गरम आणि कमी पैशाच्या मुलुखासाठी तरी. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला दुकानदार एलएफपी म्हणतात, त्याचा पेपर छापला. पेपरवर पहिली दोन नावं आपल्याकडची, अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी, तिसरं गुडइनफ. वय ७४-७५.

एलएफपी का महत्त्वाचं ते नागपूरच्या मे महिन्यात कळते. बाहेर ४५ डिग्री, पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. कोबाल्टवाली बॅटरी जास्त तापली की तिच्या थरांतून ऑक्सिजन सुटतो. आतलं द्रावण जळणारं, त्यात आग लागायला लागणारा ऑक्सिजन पण आतच तयार होऊन राहिला, मग ती आग स्वतःच स्वतःला वाढवते, बाहेरून झाकून विझत नाही. एलएफपीमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला इतका घट्ट बांधलेला असतो की सहजासहजी सुटत नाही. शिवाय कोबाल्ट महाग, आणि जगातला बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतो, तिथल्या काही खाणींत लहान लेकरं काम करतात हे आता सगळ्यांना माहीत आहे. लोखंड आणि फॉस्फेट कुठे पण मिळते. तोटे पण आहेत, एक सेल ३.२ व्होल्टचाच, कोबाल्टवाली ३.७ च्या आसपास देते, म्हणून तेवढ्याच वजनात एलएफपी थोडी कमी पळते. आणि सुरुवातीला हे मटेरियल वीज इतकी खराब वाहायचं की लोक हसले असतील, मग बारीक कण करून त्यांच्यावर कार्बनचा लेप दिला तेव्हा जमलं. आता चीनमधल्या कितीतरी इलेक्ट्रिक गाड्या आणि आपल्याकडची नेक्सॉन ईव्ही पण एलएफपीवरच धावते.

ई-रिक्षाचं बघा. २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल होऊन ई-रिक्षाला रीतसर मान्यता मिळाली आणि नागपूरच्या गल्लीबोळात त्या दिसायला लागल्या. बहुतेकांत लेड ॲसिडच्या चार बॅटऱ्या, चारही मिळून शंभर किलोच्या वर, म्हणजे दीड-दोन सवाऱ्यांचं वजन रिक्षा रिकामी असताना पण वाहून राहिली. रात्रभर चार्जिंग, पाणी टाकायची कटकट, आणि रोजच्या धंद्यात वर्ष-दीड वर्षात सेट बदला. इतवारीत एका ई-रिक्षावाल्या भाऊंना मी मोठ्या उत्साहात हे एलएफपी प्रकरण समजावत होतो तर ते म्हणाले, "भाऊ, लोखंडवाली हाय का सोनंवाली हाय ते आपल्याले नाई समजत, एका चार्जिंगमंधी किती किलोमीटर जाते आन् हप्ता किती पडते ते सांगा ना." अगदी बरोबर प्रश्न आहे. उत्तर असं की लिथियमवाली पहिल्यांदा महाग पडते, पण वजन निम्म्याहून कमी, चार्जिंग लवकर, आणि नीट बनवलेला पॅक असेल तर लेड ॲसिडचे दोन-तीन सेट जातील तोवर हा एकच चालतो. "नीट बनवलेला" या शब्दावर सगळा खेळ आहे. स्वस्तात कुठूनतरी सेल आणून जोडलेला पॅक, ज्यात प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट म्हणजे बीएमएस थातूरमातूर आहे, तो घेण्यापेक्षा लेड ॲसिड बरी. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ फिरले होते, त्यानंतर सरकारने बॅटरी टेस्टिंगचे नियम कडक केले, त्यामागे हेच होतं.

फक्त बॅटरी चांगली असून भागत नाही हे पण नागपूरनेच पाहिलं आहे. मे २०१७ मध्ये इथे इलेक्ट्रिक टॅक्सींचा मोठा प्रयोग गाजावाजा करून सुरू झाला, देशातला पहिला म्हणून. मग चार्जिंगच्या रांगा लागल्या, धंद्याचा वेळ रांगेत जाऊ लागला आणि पुढच्याच वर्षी ड्रायव्हर लोक गाड्या परत करायच्या गोष्टी करू लागले. आणि चार्जिंगची वीज येते कुठून? कोराडी, खापरखेडा. कोळसा. म्हणजे धूर सीताबर्डीतून उठून कोराडीला गेला असं म्हणणारे म्हणतात, आणि अर्धं खरं आहे ते, पण इलेक्ट्रिक मोटर पेट्रोलच्या इंजिनापेक्षा ऊर्जा खूप कमी वाया घालवते, आणि ती वीज उद्या सोलरची पण होऊ शकते, पेट्रोलचं इंजिन मात्र पेट्रोलच मागणार. कोराडीवाल्यांचं दुखणं त्याने आज कमी होत नाही हे पण तितकंच खरं.

एक नागपुरी धागा अजून सांगतो, हा मला फार आवडतो. काटोल रोडवरून जाताना मॉइलचं ऑफिस दिसते, मँगनीज काढणारी सरकारी कंपनी, मुख्यालय नागपूरलाच. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या तिच्या खाणीतून जे मँगनीज डायऑक्साइड निघते ते ड्राय सेलच्या कारखान्यांना जाते, म्हणजे आजोबांच्या ट्रान्झिस्टरमध्ये जे जाडे सेल टाकायचे त्यात असायचं तेच मटेरियल. आता हेच मँगनीज लिथियम बॅटरीत पण लागते, आणि ते कोणामुळे, तर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेहून मायकल थॅकरे ऑक्सफर्डला गुडइनफ यांच्याकडे आले आणि दोघांनी मिळून मँगनीजचं ऑक्साइड वापरून दाखवलं. कोबाल्ट, मँगनीज, लोखंड, लिथियम बॅटरीच्या त्या टोकाची तीन मोठी मटेरियल, आणि तिन्हींवर एकाच माणसाचं नाव. क्रिकेटमध्ये असं कोणी केलं असतं तर नागपुरात त्याच्या नावाचा चौक झाला असता.

बरं, रोजच्या कामाचं थोडं. फोनची बॅटरी म्हातारी होते ती का? ग्रॅफाइटच्या बाजूला पहिल्या चार्जिंगपासूनच एक पातळ थर जमतो, तो लागतोच, पण हळूहळू जाड होत जातो आणि थोडा थोडा लिथियम त्यात कायमचा अडकतो. दर अधिवेशनाला काही आमदार इथेच राहून गेले समजा. उष्णतेने हा थर लवकर वाढतो, आणि बॅटरी शंभर टक्के भरून तापत ठेवली तर अजून लवकर. म्हणून मे महिन्यात फोन गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा ॲक्टिव्हाच्या डिक्कीत ठेवू नका, उशीखाली ठेवून चार्ज करू नका, आणि २० ते ८० टक्क्यांत ठेवला तर बरं, नाही जमलं तर त्याचं एवढं टेन्शन पण घेऊ नका. बॅटरी फुगली म्हणजे आतलं द्रावण फुटून गॅस झाला आहे. तिला दाबून बसवायची नाही, सुई टोचून गॅस काढायचा तर अजिबात नाही, असले जुगाड करणारे मी पाहिले आहेत. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि सरळ दुकानात नेऊन बदला.

गुडइनफ नव्वदी ओलांडल्यावर पण लॅबमध्ये जात राहिले. त्यांचं हसणं इतकं मोठं होतं की लॅबच्या बाहेर कॉरिडॉरमध्ये ऐकू यायचं, असं त्यांच्यासोबत काम केलेले लोक सांगतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये नोबेल जाहीर झालं तेव्हा ते लंडनला होते, रॉयल सोसायटीचं कॉप्ली मेडल घ्यायला, आणि पत्रकारांसमोर त्यांनी टेक्ससचे आभार मानले की तिथे वय झालं म्हणून कोणी घरी बसवत नाही. डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला त्यांच्या वतीने नोबेलचं व्याख्यान दिलं ते अरुमुगम मंथिराम यांनी, मूळचे तमिळनाडूचे, त्यांचे कितीतरी वर्षांचे सहकारी.

त्याच्या दोन वर्षं आधी, ९४ व्या वर्षी, त्यांनी पोर्तुगालच्या मारिया हेलेना ब्रागा यांच्यासोबत एक नवीन बॅटरी जाहीर केली होती. आतलं जळणारं द्रावणच काढून टाकायचं, त्याजागी काच, घन काच, जिच्यातून आयन जाऊ शकतात. म्हणजे परत शुद्ध धातू वापरता येईल, तोच धातू ज्याच्यामुळे व्हिटिंगहॅम यांच्या लॅबमध्ये फायर ब्रिगेड यायची. बऱ्याच शास्त्रज्ञांनी शंका काढल्या, की हे चालते कसं, ऊर्जेचा हिशोब तर जुळत नाही, आणि त्या शंका काही हवेतल्या नव्हत्या. ९४ वर्षांच्या माणसाला कोणी म्हटलं असतं की सर, आता राहू द्या, नाव खराब होईल, तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी पुढच्याच वर्षी ब्रागा यांच्यासोबत अजून एक पेपर छापला. द्रावणाऐवजी घन मटेरियल वापरायच्या मागे आता जगातल्या मोठ्या गाडी कंपन्या लागल्या आहेत, वेगवेगळ्या मटेरियलवर, गुडइनफ यांच्या काचेवर सगळ्यांचा विश्वास नसला तरी. त्या काचेचं भांडण अजून मिटलेलं नाही.